अडलेला उखाणा

हळदीकुंकवाच्या दिवशी माझ्या बायकोचा उखाणा अडला आणि मी हसलो, हे त्या दिवशी आमच्या घरी आलेल्या सगळ्यांना माहीत आहे. हसणारा मी एकटा नव्हतो. पण बायका गेल्यावर स्वयंपाकघरात ती मला काय म्हणाली, आणि मी तिला काय म्हणालो, ते मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. डॉक्टरांना नाही, तिच्या भावाला नाही, आणि आमच्या मुलीला तर नाहीच. खरं तर सगळ्यात आधी मुलीला सांगायला हवं होतं. आईच्या आजारपणाचा दोष ती गेली दोन वर्षं स्वतःच्या डोक्यावर घेऊन वावरते आहे. तो दोष तिचा नाही. कुणाचा आहे ते मला ठाऊक आहे.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरी करतो. लक्ष्मीबाई नगरात सरकारी घर आहे. बायको सांगलीकडची. लग्न होऊन दिल्लीला आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं, आणि पुढे आलं तरी तिने ते चपलांसारखं दाराबाहेरच ठेवलं. भाजीवाल्याशी, सिलिंडरवाल्याशी झकास हिंदी बोलायची. उंबरठा ओलांडला की बंद. मुलगी इथेच जन्मली, इथल्या शाळेत वाढली, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे खिचडी. दोघींचं रोज चालायचं.

"आई, मी बिल्कुल नाही जाणार त्या क्लासला."

"अजिबात."

"काय अजिबात?"

"बिल्कुल नाही, अजिबात. अजिबात जाणार नाही, असं म्हण. मग नाही गेलीस तरी चालेल."

"बाबा, हिला कुणीतरी हेडमास्तरीण का नाही केलं यार?"

"यार बाहेर ठेवून ये," ही आतून म्हणायची.

मी पेपर वाचत ऐकत असायचो. तेव्हा ती नुसती घरातली कटकट वाटायची. आज त्यातलं एक वाक्य परत ऐकायला मिळावं म्हणून मी काय वाटेल ते देईन.

तिने मला कधी नावाने हाक मारली नाही. अहो, आणि फार रागात असली तर "ऐकलं का". आमच्या पिढीतल्या पुष्कळ बायका नवऱ्याला सरळ नावाने हाक मारतात, पण तिला ते जमलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही. त्यामुळे वर्षातून एकदाच, संक्रांतीनंतरच्या कुठल्या तरी संध्याकाळी, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांच्या आग्रहावरून ती उखाणा घ्यायची तेव्हा मला माझं नाव तिच्या तोंडून ऐकू यायचं. मी चहाचा ट्रे न्यायच्या निमित्ताने दाराशी उभा राहायचो. मी उभा आहे हे तिला माहीत असायचं. ती माझ्याकडे बघायची नाही.

तिचे उखाणे पाठ केलेले नसत. दर वर्षी नवा, ताजा. एका वर्षी म्हणाली होती:

धुक्यात बुडाली दिल्ली, दिसेना रस्ता,
अमुकरावांना भाकरी हवी, लेकीला पास्ता.

बायका हसून हसून लोळल्या. मुलगी आतून ओरडली, "आई, मला का घेतलंस मध्ये?" आणि मी ट्रे घेऊन उभाच. अमुकच्या जागी माझं नाव होतं.

त्या वर्षीच्या थंडीत तिला जिना चढताना दम लागायला लागला. छातीत पाखरू फडफडतंय असं वाटतं, म्हणाली एकदोनदा. दिल्लीत नोव्हेंबरपासून कुणाला दम लागत नाही? मी तिला मोबाइलवर त्या दिवशीचा हवेचा आकडा दाखवला, "हे बघ, माणसाने श्वास घ्यावा अशी हवाच नाही." घरात हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं. ती त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मटार सोलत बसायची आणि म्हणायची, "हे घुंघुं करतं, पाखरू काही बसत नाही." लहानपणी तिला सांधे सुजून ताप यायचा, महिनामहिना शाळा बुडायची, हे तिने लग्नानंतर सांगितलं होतं. त्या तापाचा आणि या फडफडीचा काही संबंध असेल, हे मला सुचायचं कारण नव्हतं. असं मी स्वतःला सांगतो.

हळदीकुंकवाला कॉलनीतल्या मराठी बायका होत्या, नागपूरच्या एक काकू होत्या आणि कॅन्टोन्मेंटमधून सुभेदारांच्या घरच्या वहिनी आल्या होत्या. वहिनींचा आवाज खणखणीत.

"चला, आता यजमानीणबाई. आणि शिळं चालायचं नाही, ताजं पाहिजे."

ही पदर सारखा करत उभी राहिली. मी दाराशी. तिने सुरुवात केली, "थंडीच्या…" आणि थांबली. परत म्हणाली, "थंडीच्या… ते… वो…" तिचा हात हवेत काहीतरी शोधत होता. मग तोही खाली आला.

"अगं, नवऱ्याचं नाव विसरलीस की काय?" काकू म्हणाल्या.

"विसरेल कशाला, बदलायचा विचार असेल," वहिनी.

सगळ्या हसल्या. मग मी, ट्रे घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "झाली, शेवटी पक्की दिल्लीवाली झाली. पोरीला दटावता दटावता हिचंच मराठी गेलं."

हसू दुप्पट झालं. तिने माझ्याकडे पाहिलं. उखाण्याच्या वेळी ती माझ्याकडे कधी बघत नसे, त्या दिवशी पाहिलं. मग "अच्छा" म्हणाली आणि खाली बसली. तो शब्द तिचा नव्हता, पण तोही विनोदच समजून सगळ्या पुन्हा हसल्या. थोड्या वेळाने ती उठून वाण वाटत होती, वहिनींशी नेहमीसारखी बोलत होती. सगळं जिथल्या तिथे आलं होतं.

आम्हां परराज्यात राहणाऱ्या माणसांची ही चूक. आमच्यात कुणाचा मराठी शब्द अडला, मधेच हिंदी घुसलं, की आम्ही हसतो. ते रोजचंच असतं. पोरांचे शब्द तर आमच्या डोळ्यांदेखत गळत असतात. सांगलीत कुणाच्या तोंडचा शब्द असा गेला असता तर कुणीतरी घाबरलं असतं. आम्ही टाळ्या दिल्या.

बायका गेल्या. मुलगी मैत्रिणींबरोबर बाहेर होती. ही ओट्याशी कपबश्या विसळत होती, मी उरलेली तिळाची वडी खात उभा होतो.

"अहो, मघाशी मला शब्दच सापडेनात."

"होतं असं चारचौघींत."

"नाही हो. उखाणा तयार होता. दुपारी कणीक मळताना जुळवला होता. सगळा डोळ्यांसमोर होता, पण तोंडात येईना. तुमचं नाव येईना मला." ती हात पुसत वळली. "आणि हा उजवा हात जरा जड झाला होता. आता बरा आहे. एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?"

आता लिहितो. मी म्हणालो, "अधिवेशन तोंडावर आलंय. ते एकदा संपू दे, मग बघू." संसदेचं अधिवेशन आलं की आमच्या खात्यात प्रश्नांची उत्तरं करता करता जेवायची शुद्ध राहत नाही, हे तिला माहीत होतं. ती "बरं" म्हणाली. मग मी आणखी एक वाक्य बोललो. "आणि पोरीला सांगत बसू नकोस, उगाच घाबरेल."

ती पुन्हा "बरं" म्हणाली. आणि सांगितलं नाही. तिने माझं ऐकलं.

मला लकव्याची ओळख नव्हती असं नाही, आणि घात तिथेच झाला. माझ्या वडिलांना तो झाला होता. रक्तदाबाचं जुनं दुखणं होतं, गोळ्या मनाला येईल तेव्हा घ्यायचे. एका सकाळी डावा हात लुळा पडला, तोंड जरासं वाकडं झालं. बोलणं मात्र शाबूत. उलट डॉक्टरला दोन शब्द जास्तच सुनावले. काही आठवड्यांत ते पुन्हा काठी टेकत देवळापर्यंत जायला लागले. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की लकवा म्हणजे हात आणि तोंड, आणि लकवा म्हणजे बरं होणारं दुखणं. शब्द हरवणं त्यात बसत नव्हतं.

होळीच्या आधीची सकाळ होती. मुलीला बंगळुरूत नोकरी मिळाली होती, पत्र आदल्या दिवशी आलं होतं. नाश्त्याला मायलेकींचं वाजलं.

"इथे काय कमी आहे तुला?" ही म्हणाली.

"कमी काही नाही. पण आई, तू पण तर तुझं घर सोडून आलीस ना? तेव्हा तुला कुणी विचारलं, सांगलीत काय कमी आहे?"

"मी लग्न करून आले."

"अच्छा, म्हणजे लग्न केलं तर चालेल. नोकरी नाही."

ही उत्तर द्यायला गेली. तोंड उघडलं, आवाज आला, पण शब्द नव्हते. हातातला कप टेबलावर आडवा झाला. मुलगी भांडणाच्या भरात होती. ती म्हणाली, "आई, प्लीज, नाटक नको करूस."

मग ही खुर्चीवरून उजवीकडे कलली.

मुलगी आजही ते वाक्य स्वतःशी म्हणते. ती स्वयंपाकघरात भांडी घासत असताना मी ऐकलं आहे.

इस्पितळात आम्ही वेळेत पोचलो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. त्याआधी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला भराभर विचारलं. शुगर? नाही. बीपी? थोडंसं. तंबाखू? नाही. मग म्हणाल्या, "पहले कभी ऐसा हुआ है? बोलने में दिक्कत, हाथ में कमज़ोरी, थोड़ी देर के लिए भी?"

मुलगी माझ्या शेजारी उभी होती, माझी बाही धरून. ही स्ट्रेचरवर होती, डोळे उघडे.

मी म्हणालो, "नहीं."

हिला ते ऐकू आलं का, कळलं का, मला माहीत नाही. बरेच दिवस मी विचारायचं धाडस केलं नाही.

पुढचे दिवस त्या वॉर्डात गेले. तोपर्यंत मला स्ट्रोक हा एकच आजार वाटायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाव एक आहे, पण तो कुठून आला त्यावर पुढचं बरंचसं ठरतं. आमच्या शेजारच्या खाटेवर एक दुकानदार आजोबा होते, शुगर आणि बीपी दोन्ही जुनं. मेंदूच्या आतली केसाएवढी नळी बंद झाली होती. नुकसान लहान, त्यामुळे ते लवकरच व्हरांड्यात चालायला लागले आणि सुनेला चहात साखर कमी पडल्याबद्दल बोलायला लागले. डॉक्टरीणबाई त्यांनाही दटावायच्या की असे छोटे झटके साठत गेले तर पुढे चाल जाते, स्मरण जातं. पलीकडे एक टॅक्सीवाला, सिगारेटी ओढणारा. त्याच्या मानेतली मोठी रक्तवाहिनी आतून चरबीने अरुंद झाली होती. त्याला पुन्हा झटका येण्याची भीती पहिल्या काही दिवसांतच जास्त, म्हणून त्याच्या ऑपरेशनची घाई चालली होती. खिडकीजवळ एक तरुण होता, त्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि कारण सापडलंच नाही. तो कारणाशिवायच घरी गेला. जाताना जरा भांबावलेला होता.

आणि आमची ही. लहानपणच्या तापाने हृदयातली एक झडप अरुंद करून ठेवली होती. त्यामुळे ठोके बेताल झाले होते, तेच ते पाखरू. बेताल हृदयात रक्त साकळतं, गुठळी होते, आणि एक दिवस ती सुटून वर जाते. "दिल से आई हुई गुठळी" असं अर्धं हिंदी अर्धं मराठी त्या मला समजावून गेल्या, मी मराठी म्हणून. अशी गुठळी मोठी असते, मोठी वाट अडवते, आणि असे पेशंट बहुतेक वेळा बाकीच्यांपेक्षा जास्त गमावतात. डावी बाजू गेली होती मेंदूची, जिथे बहुतेकांचं बोलणं राहतं.

मी त्या आजोबांचा हेवा करायचो. ते खोकले तरी मला हेवा वाटायचा. माझ्या बायकोला हाच आजार व्हायचा होता तर त्यातला लहान का नाही झाला, असं मी देवाशी भांडलो आहे, जसं काही तिथे निवड होती.

एकदा डॉक्टरीणबाई शिकणाऱ्या मुलांना घेऊन आल्या. हिचा कार्डिओग्राम दाखवत म्हणाल्या, "ये पहले पकड़ में आ जाता तो खून पतला रखने की दवा शुरू हो जाती. ऐसे केस में वो बहुत बचाती है." माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. कशाला पाहतील? त्यांच्या कागदावर मीच लिहवलं होतं की आधी काहीच झालं नव्हतं.

व्हरांड्यात मुलीने विचारलं, "बाबा, मी भांडले नसते तर?"

"असं काही नसतं गं."

"मग एकदम कसं झालं? कालपर्यंत तर ठीक होती ती."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. माझी वाचा गेलेली नव्हती. मी म्हणालो, "चहा आणतो," आणि खाली गेलो.

ती बंगळुरूला गेली नाही. इथेच घरून करायचं काम धरलं. आईला चालवणं, हाताचे व्यायाम, बोलण्याचे व्यायाम, रक्त पातळ ठेवायच्या गोळीसाठी नेमाने रक्त तपासून आणणं, सगळं ती करते. त्या गोळीमुळे पालेभाजी रोज सारखीच लागते, एक दिवस भरपूर आणि दुसऱ्या दिवशी नाही असं चालत नाही. थंडीत मेथी स्वस्त झाली तरी ती मोजून एक वाटीच करते. माझं ऐकत नाही. या बाबतीत आईवर गेली आहे.

आणि आता ती चोख मराठी बोलते. अजिबात म्हणते. "यार" गेलं. कुणी सांगितलं नाही, कुणी दटावलं नाही, तिने एकेक शब्द वेचून बाहेर टाकला. आईपुढे बसून म्हणते, "आई, आज अजिबात ऊन नाहीये." आणि आई तिला म्हणते, "बिल्कुल."

हिच्यापाशी उरलेले शब्द थोडे आहेत: अच्छा, चलो, हां, बिल्कुल. जे तिने उंबरठ्याबाहेर ठेवले होते तेच. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई म्हणतात, यात नवल नाही, असे सवयीचे भरतीचे शब्द पुष्कळदा टिकतात, आणि मातृभाषाच आधी परत येईल असंही नसतं. आरती मात्र ती सबंध म्हणते, अडखळत नाही. आरती संपली की पुन्हा शांत. पाणी मागता येत नाही. पहिल्यांदा आरती म्हणाली तेव्हा मी शेवटपर्यंत थांबलो, की आता पुढे काही तरी म्हणेल. तिने ताम्हन माझ्याकडे दिलं आणि भिंतीचा आधार घेत आत गेली.

संक्रांत आली की मला नकोसं होतं. त्या दिवसांत मी ऑफिसातून उशिरा येतो. घरी येऊन दाराशी क्षणभर थांबतो, जुन्या सवयीने.

यंदा मुलीला पुण्यातून बोलावणं आलं आहे. चांगलं काम आहे, तिच्या मनासारखं. पुण्यात मामा आहे, तिला परकं नाही. ती मला म्हणाली, "मी नाही म्हणून कळवणार आहे. आईला अशी करून मी कुठे जाऊ?"

अशी करून. हे ऐकल्यावर मी लिहायला बसलो.

मराठीत लिहितोय, यातही थोडी लबाडी आहे. मुलगी मराठी छान बोलते, पण वाचायला तिला त्रास होतो, दोन पानं म्हणजे संध्याकाळ जाते तिची. तिच्या हाती हे पडणार नाही अशा भाषेत मी कबुली देत होतो, हे अर्ध्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं.

म्हणून काल दुपारी, मुलगी बाहेर गेली असताना, गॅलरीत ऊन होतं तिथे हिच्या शेजारी बसून मी हे सगळं हिला वाचून दाखवलं. तिला ऐकलेलं जवळजवळ सगळं समजतं. पास्त्याच्या उखाण्याला हसली. मी हसलो होतो त्या जागी मी थांबलो. तिने डाव्या हाताने खूण केली, पुढे. स्वयंपाकघराचा भाग वाचताना ती बाहेर बघत होती. "नहीं" आलं तेव्हा मी विचारलं, "तू ऐकलं होतंस?"

"हां," ती म्हणाली.

मग तिने माझ्या हातातले कागद काढून घेतले, एका हाताने जमेल तशी घडी घातली, आणि मुलीच्या खोलीकडे बोट केलं. मी म्हणालो, "सांगतो." तिने बोट खाली घेतलं नाही. मी "आज नको, पुण्याचं उत्तर द्यायच्या आधी सांगतो," असं म्हटल्यावर तिने मान फिरवली. ही तारीख पुढे ढकलायची तऱ्हा तिने आधी पाहिली आहे.

मुलगी आल्यावर मी तिला चहा केला. पुण्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, कळवायला अजून दोन दिवस आहेत. ही समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी कप विसळून ठेवले.

मी मुलीचं एवढं देणं लागतो: तुझ्या भांडणाने आईला काही झालं नाही. महिना-दीड महिना आधी तिला इशारा मिळाला होता, तिने तो मला सांगितला होता, मी तो हसण्यावारी नेला, तुला सांगू नकोस असं मीच तिला म्हणालो, आणि डॉक्टरांशी तुझ्यादेखत खोटं बोललो. हे तिच्यासमोर बसून, हिच्या देखत, मी अजून बोललेलो नाही.